नुसती चूक पुरत नाही: मारहाणीच्या शिक्षेवरचे अपील कसे चालते

१२ फेब्रुवारी १९५३ रोजी जबलपुरात एका घरी बाचाबाची झाली. रागाच्या भरात हॉकी स्टिकचा एकच फटका एका तरुणाच्या डोक्यात बसला, कवटी फुटली आणि दहा दिवसांनी तो रुग्णालयात दगावला. दोन भावांवर खटला भरला गेला. दोषारोप दोघांवर एकच होता: समान इराद्याने खून केल्याचा. एक भाऊ निर्दोष सुटला, फटका मारणाऱ्याला जन्मठेप झाली. जबलपूर तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती, त्यामुळे अपील नागपूरच्या उच्च न्यायालयात आले आणि फेटाळले गेले.

पुढे सर्वोच्च न्यायालयात आरोपीच्या वकिलांनी मांडलेला मुद्दा वरकरणी बिनतोड होता. दुसरा भाऊ सुटला म्हणजे समान इराद्याची गोष्ट संपली. एकट्याने खून केल्याचा स्वतंत्र दोषारोप तर आरोपीवर कधी ठेवलाच नव्हता. मग शिक्षा कशाच्या जोरावर?

विली स्लेनी विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या नावाने हा निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो दिला. मुख्य विवेचन न्या. व्हिव्हियन बोस यांचे, जे आधी नागपूरच्याच उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. दोषारोपातल्या या उणिवेमुळे आरोपीची फसगत झाली का? आपल्यावर काय आरोप आहे ते त्याला कळत होते, त्याने बचावही त्याच आरोपाला धरून केला होता. म्हणजे उणीव होती, पण तिने त्याचे काही बिघडवले नव्हते. तांत्रिक मुद्दा हरला.

आरोपी मात्र पूर्ण हरला नाही. पुरावा पुन्हा वाचल्यावर न्यायालयाला दिसले की फटका एकच होता आणि ठार मारण्याचा इरादा सिद्ध होत नव्हता. खुनाची शिक्षा रद्द होऊन सदोष मनुष्यवधाच्या सौम्य भागाखाली पाच वर्षांची सक्तमजुरी उरली. मारहाणीच्या शिक्षेविरुद्ध अपील करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल या दोन्ही अंगांनी समजून घ्यावा असे मला वाटते. खटल्यात चूक झाली एवढे दाखवून भागत नाही, त्या चुकीने आपल्या बचावाचे काय नुकसान झाले तेही दाखवावे लागते. आणि बरेचदा आरोपीच्या हाती जे लागते ते चुकीच्या मुद्द्यातून नव्हे, पुरावा बारकाईने वाचून लागते.

आता आपल्याकडचे नेहमीचे प्रकरण घेऊ. समजा, शेताच्या बांधावरून भावकीत भांडण झाले, काठ्या निघाल्या, एकाचा हात मोडला. हाड मोडले की दुखापत ‘गंभीर’ ठरते. दात पडला तरी ठरते. जुन्या भारतीय दंड संहितेत हे कलम ३२५, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम ११७(२). दोन्हींत सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. घटना जुनी असेल तर अपील आज चालले तरी गुन्ह्याचे कलम जुनेच राहते. शस्त्र किंवा घातक हत्यार वापरल्याचे म्हणणे असेल तर पूर्वीचे ३२६ किंवा नवे ११८(२) लागते आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. आपल्या उदाहरणात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी हात मोडणाऱ्याला दोन वर्षांची शिक्षा दिली असे धरू.

हे अपील सत्र न्यायालयात जाते. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालय आणि सत्र न्यायाधीशांच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालय, अशी ढोबळ वाट आहे. कुठल्याही खालच्या न्यायालयाने सात वर्षांहून अधिक शिक्षा दिली असेल तरी अपील उच्च न्यायालयातच जाते. आरोपीने गुन्हा कबूल केला असेल तर दोषसिद्धीवर अपील नसते, फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यावर बोलता येते. ‘कबूल करून टाक, दंडावर सुटशील’ असा सल्ला ऐकण्याआधी हे माहीत हवे.

मुदत सत्र न्यायालयासाठी ३० दिवस आणि उच्च न्यायालयासाठी ६० दिवस. निकालाचा दिवस धरत नाहीत, आणि निकालाची नक्कल मिळवायला जितका वेळ आवश्यक होता तोही वजा होतो. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यात खरे आणि पटण्याजोगे कारण द्यावे लागते. कैदेची शिक्षा झाली असेल तर निकालपत्राची एक प्रत आरोपीला लगेच आणि मोफत मिळाली पाहिजे, हा कायदा आहे. या हक्काला धार आली ती महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने. मा. ह. होसकोट नावाच्या प्राध्यापकावर बनावट पदवी प्रमाणपत्रांच्या प्रकरणात खटला झाला. सत्र न्यायालयाने न्यायालय उठेपर्यंतची नाममात्र कैद दिली, सरकारने ती वाढवून मागितली आणि मुंबई उच्च न्यायालयाने तीन वर्षे केली. सर्वोच्च न्यायालयात तो चार वर्षांहून अधिक उशिराने पोचला, कारण निकालाची प्रत वेळेत मिळाली नाही असे त्याचे म्हणणे होते. १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याचे अपील मान्य केले नाही. मात्र निकालाची प्रत वेळेवर व मोफत मिळणे आणि गरज असेल त्याला अपिलासाठी मोफत वकील मिळणे, हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या न्याय्य कार्यपद्धतीचाच भाग असल्याचे त्यांनी ठरवले. तुरुंगातल्या कैद्याला प्रत पोचवणे आणि पोच घेणे ही तुरुंग प्रशासनाची जबाबदारी ठरली.

घरच्यांची पहिली चिंता मात्र मुदतीची नसते. माणूस आज रात्री घरी येणार का, ही असते. खटल्याच्या काळात आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल, तर अपील दाखल करण्यापुरता जामीन शिक्षा देणारे न्यायालयच देते. नाकारायला विशेष कारण लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३८९(३) होते, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४३०(३) आहे. म्हणून जाणते वकील निकालाच्या तारखेलाच जामीनदाराला सातबारा किंवा घरपट्टीची पावती घेऊन बोलावतात आणि अर्ज तयार ठेवतात. या जामिनाची मुदत संपायच्या आत सत्र न्यायालयात अपील दाखल करून शिक्षेला स्थगिती मिळवायची. शिक्षेला स्थगिती म्हणजे अपिलाचा निकाल लागेपर्यंत तुरुंगात जावे लागत नाही, इतकेच. दोषी हा शिक्का राहतो. सरकारी नोकरी किंवा लोकप्रतिनिधित्व पणाला लागले असेल तर दोषसिद्धीलाच स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि ती न्यायालये क्वचित देतात.

आता अपिलाचा गाभा, म्हणजे अपिलाच्या अर्जातले, मेमोतले मुद्दे. अनेक मेमो ‘निकाल बेकायदेशीर आहे, पुराव्याविरुद्ध आहे’ अशा ठरावीक वाक्यांनी भरलेले असतात आणि न्यायाधीशाला त्यातून काही मिळत नाही. उपयोगाचा मुद्दा निशाणी क्रमांक सांगतो, साक्षीतला परिच्छेद दाखवतो आणि खालच्या न्यायालयाने त्याकडे कसे पाहिले ते सांगतो. कारण अपिलात साक्षीदार पुन्हा येत नाहीत. येतात ती खालच्या न्यायालयाची कागदपत्रे: दोषारोप, साक्षी, उलटतपासण्या, पंचनामे, वैद्यकीय दाखला, आरोपीचा जबाब आणि रोजनामा. त्यांत जे नाही ते अपिलात सहसा नसते. अधिक पुरावा घेण्याचा अधिकार अपील न्यायालयाला आहे, पण तो अपवाद आहे.

खटल्यातल्या चुकांविषयीचा मूळ नियम जुन्या प्रक्रिया संहितेत कलम ४६५ मध्ये होता, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो ५११ मध्ये आहे. कार्यवाहीत चूक, उणीव किंवा अनियमितता झाली म्हणून निकाल उलटत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष न्याय विफल झाला असला तरच उलटतो. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, जे आरोपीच्या बाजूने फार कमी लोक आधी वाचतात: ही हरकत आधीच्या टप्प्यावर घेता आली असती का आणि घ्यायला हवी होती का, हेही न्यायालय पाहील. म्हणून खटल्याच्या वेळी घेतलेली आणि नोंदवलेली साधी हरकत पुढे अपिलात मोलाची ठरते, आणि गिळलेली हरकत अंगाशी येते.

सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार आरोपीच्या जबाबाची असते. सरकारी पुरावा संपल्यावर न्यायाधीशाने आरोपीला त्याच्याविरुद्ध आलेली प्रत्येक गोष्ट सांगून खुलासा विचारायचा असतो (पूर्वीचे कलम ३१३, आता ३५१). घाईत किंवा ठोकळेबाज प्रश्नावलीत महत्त्वाची बाब सुटते. समजा, काठीवरच्या रक्ताच्या रासायनिक अहवालाबद्दल आरोपीला कधी विचारलेच नाही आणि निकालात त्याच अहवालावर भर दिला. शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या पुण्याच्या खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी न विचारलेली परिस्थिती आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. त्याआधी १९७३ साली शिवाजी सहाबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात म्हटले होते की प्रश्न राहिला म्हणून अख्खा खटला रद्द होत नाही, आरोपीचे नुकसान झाले का ते पाहावे लागते, आणि अपील न्यायालय वकिलाला विचारू शकते की प्रश्न विचारला असता तर तुमचे उत्तर काय होते. या प्रश्नावर वकील गप्प राहिला तर मुद्दा तिथेच संपतो. म्हणून मेमो लिहितानाच ठरवावे: आपल्याला विचारले असते तर आपण काय सांगितले असते आणि त्याने निकाल कसा बदलला असता.

वैद्यकीय पुराव्यातही हेच. हाड मोडल्याचे केवळ दाखल्यावर लिहिलेले आहे, एक्स-रे प्लेट न्यायालयात आलीच नाही, प्लेट वाचणाऱ्या डॉक्टरची साक्ष झाली नाही, तर गंभीर दुखापत सिद्ध झाली का, हा योग्य मुद्दा आहे. तो मान्य झाला तरी आरोपी सुटतोच असे नाही, कारण दोषसिद्धी साध्या दुखापतीवर उतरू शकते. पण सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यावरून एक वर्षापर्यंतच्या गुन्ह्यावर येणे लहान गोष्ट नाही. आधी रोजनामा मात्र तपासावा. खटल्यात बचाव पक्षाने वैद्यकीय दाखल्याचा खरेपणा मान्य केला असेल, तर डॉक्टरची साक्ष झाली नाही ही तक्रार आता करता येणार नाही. वेळ वाचवायला कागदावर ‘मान्य’ लिहिलेला तो एक शब्द पुढे भारी पडतो.

हत्याराच्या कलमावर न्यायालये प्रकरणागणिक बघतात. मथाई विरुद्ध केरळ राज्य या २००५ च्या निकालात दगडाने केलेल्या मारहाणीत सर्वोच्च न्यायालयाने कलम ३२६ काढून ३२५ ठेवले. कुठलीही वस्तू आपोआप घातक हत्यार होत नाही. तिचा आकार, धार आणि वापर पाहावा लागतो. काठी, पाइप, विळा यांच्या प्रकरणांत हा मुद्दा पुरावा उघडून नीट मांडावा.

बांधावरच्या भांडणांत बहुधा दोन्हीकडून फिर्याद असते. अशा क्रॉस केसेस एकाच न्यायाधीशाने एकामागून एक ऐकाव्यात, दोन्हींचे निकाल सोबत द्यावेत आणि एकीतला पुरावा दुसरीत वापरू नये, हे नाथीलाल विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या निकालाने १९९० साली सांगितले. दोन खटले दोन न्यायालयांत वेगवेगळे चालले आणि आपल्या जखमांची बाजू कुठेच एकत्र पाहिली गेली नाही, ही तक्रार अशा प्रकरणात वजनदार ठरू शकते. आरोपीच्या अंगावरही जखमा होत्या आणि सरकारी साक्षीदारांनी त्यांचा खुलासा केला नाही, हा मुद्दा त्याच्या शेजारी ठेवावा. स्वसंरक्षणाचा बचाव तिथूनच उभा राहतो. साक्षीदार फिर्यादीचे नातेवाईक आहेत, एवढाच मुद्दा मात्र कधीच पुरत नाही. घरासमोर मारामारी झाली तर घरचेच पाहणार.

साक्षीतल्या विसंगतीही काळजीने मांडाव्यात. पोलिसांच्या जबाबात जी गोष्ट नव्हती ती साक्षीदाराने न्यायालयात प्रथमच सांगितली, तर ती वगळणूक उलटतपासणीत त्याला दाखवावी लागते आणि नंतर तपासी अंमलदाराकडून खरी करून घ्यावी लागते. खालच्या न्यायालयात ही पायरी चुकली असेल तर अपिलात पोलीस जबाब उघडून वाचता येत नाही. आपल्या आधीच्या वकिलाने हे नीट केले नाही, अशी तक्रार घेऊन अनेक जण येतात. वकिलाची निवड चुकली हा मुद्दा एकटा सहसा टिकत नाही. वकीलच नव्हता, ही गोष्ट मात्र वेगळी आहे. १९८६ मध्ये सुक दास विरुद्ध अरुणाचल प्रदेश या निकालात, धमकीच्या गुन्ह्यातही, मोफत वकिलाचा हक्क आरोपीला न सांगता चालवलेला खटला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तिथे नुकसान वेगळे दाखवावे लागले नाही.

सुनावणीला न्यायाधीश अपील प्रथमदर्शनीच फेटाळू शकतात. पण एकदा दाखल करून घेतले की सर्व पुरावा स्वतः वाचून गुणदोषांवरच निकाल द्यावा लागतो. वकील हजर नाही एवढ्या कारणावर फौजदारी अपील निकाली काढता येत नाही, हे बनी सिंग निकालाने १९९६ साली ठरले. अपिलाच्या शेवटी निर्दोष सुटका होते, दोषसिद्धी खालच्या कलमावर येते, शिक्षा कमी होते, कधी फेरखटल्याचा आदेश होतो किंवा सगळे कायम राहते. आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. सरकारने वेगळे अपील केले तर मात्र ती भीती असते. फेरखटला म्हणजे सुटका नव्हे, हे घरच्यांना आधी समजावून सांगावे. सरकार पक्षाच्या पुराव्यातली भगदाडे बुजवण्यासाठी फेरखटला द्यायचा नसतो, असे उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६३ च्या निकालात म्हटले आहे, आणि फेरखटल्याच्या आदेशाला विरोध करायला हा निकाल आजही हाताशी ठेवतात.

गुन्हा कायम राहिला तरी पुढचा प्रश्न उरतो. माणूस पहिल्यांदाच सापडला आहे, घटना दहा वर्षांपूर्वीची आहे, दोन्ही घरे पुन्हा एका बांधावर नांदताहेत. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते का, याचा विचार खालच्या न्यायालयाने न करता शिक्षा दिली असेल तर तोही मुद्दा आहे, आणि अपील न्यायालय स्वतःही असा आदेश देऊ शकते. साध्या आणि काही गंभीर दुखापतींत तडजोडही होते, पण शिक्षा झाल्यानंतर तिला अपील न्यायालयाची परवानगी लागते. भावकीतल्या भांडणात अनेकदा हाच सगळ्यांत शहाणा शेवट असतो, मात्र जखमी माणसावर दबाव आणून घेतलेली सही न्यायाधीशाच्या एका प्रश्नात उघडी पडते, आणि ती पडलीच पाहिजे.

सत्र न्यायालयातही अपील फेटाळले गेले तर दुसरे अपील नाही. उरतो तो उच्च न्यायालयातला पुनरीक्षण अर्ज, मुदत ९० दिवस. तिथे पुरावा पहिल्यापासून पुन्हा तोलला जात नाही, निकालात उघड बेकायदेशीरपणा आहे का एवढेच पाहतात. म्हणून पुरावा वाचून घेण्याची खरी संधी सत्र न्यायालयातलीच असते.

पैसे नाहीत म्हणून ती संधी सोडू नका. तुरुंगात असलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींनाही मिळतो. आतला माणूस आपला अपील अर्ज तुरुंग अधिकाऱ्याकडे देऊ शकतो, तो पुढे न्यायालयात पाठवणे त्या अधिकाऱ्याचे काम आहे. बाहेर असाल तर निकालपत्राची प्रत घेऊन जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात ३० दिवस संपण्याच्या आत जा.